सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीतून रंगभूषेकडे

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतल्या मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असलेली व्यक्ती कामाने विक्रेती असते. धंद्यात तिला ‘ब्युटी ॲडव्हायझर’ किंवा नुसते ‘बीए’ म्हणतात. गिऱ्हाइकाला लिपस्टिकच्या छटा दाखवणे, फाउंडेशन जुळवून देणे, टेस्टर लावून दाखवणे आणि महिनाअखेरीस टार्गेट पूर्ण करणे हे तिचे काम. यातल्या अनेकींना आणि अनेकांना काही वर्षांनी वाटू लागते की आपण रोज मेकअप करतोच आहोत, तर मग मेकअप आर्टिस्टच का होऊ नये? ही इच्छा रास्त आहे आणि ही वाट चालण्याजोगीही आहे. मात्र काउंटरवर जे शिकायला मिळते ते रंगभूषेच्या कलेतले जवळपास अर्धेच असते. उरलेले अर्धे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीने कमवावे लागते.

विक्री आणि रंगभूषा ही दोन कामे मुळात एकाच घरातली. पोलंडमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेला मॅक्स फॅक्टर १९०९ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये नाटकवाल्यांसाठी टोप आणि रंगांचे दुकान चालवत होता. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या नटांच्या चेहऱ्यावर तो स्वतःच रंग लावून दाखवी. रंगभूमीवरचा जाड ग्रीसपेंट कॅमेऱ्यासमोर भेगाळतो, हे लक्षात आल्यावर १९१४ मध्ये त्याने चित्रपटांसाठी पातळ ग्रीसपेंट तयार केला. पुढे १९३७ मध्ये रंगीत चित्रपटांच्या गरजेतून त्याच्या कंपनीचा ‘पॅन-केक’ मेकअप आला, आणि तो शब्द आपल्याकडच्या नाटक-सिनेमाच्या रंगपटातही रुळला. १९८४ मध्ये टोरांटोत सुरू झालेल्या मॅक या कंपनीने काउंटरवर मेकअप आर्टिस्टच उभे करण्याची पद्धत रूढ केली. भारतात १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. पण गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून चेहऱ्यावर छटा लावून दाखवणारे काउंटर आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले ते मॉल आल्यानंतर.

काउंटरची खरी कमाई म्हणजे नजर. मेकअपच्या कोणत्याही वर्गात महिन्याभरात जितके चेहरे हाताखालून जाणार नाहीत, तितके दिवाळीच्या आठवड्यात काउंटरवरून जातात. सावळा, गव्हाळ, निमगोरा हे शब्द घरगुती बोलण्यात पुरतात, पण फाउंडेशन जुळवायला ते पुरत नाहीत. त्वचेचा वरचा रंग एक असतो आणि त्याखालची झाक दुसरी. ही झाक पिवळसर असते, गुलाबीसर असते किंवा दोन्हींच्या मधली. भारतीय त्वचेत हिरवट पिवळी, म्हणजे ऑलिव्ह म्हणतात ती झाकही पुष्कळ दिसते. एकाच गव्हाळ रंगाच्या दोन बहिणींना दोन वेगळी फाउंडेशने लागतात, ती या झाकेमुळे. छटा मनगटावर लावून पाहायची नसते. ती जबड्याच्या कडेला लावायची, म्हणजे चेहरा आणि गळा दोन्हींशी ताडता येते. मग गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारापाशी दिवसाच्या उजेडात न्यायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. काही फाउंडेशने हवा आणि त्वचेवरचे तेल लागले की गडद होतात. हे सगळे चांगल्या बीएच्या अंगवळणी पडलेले असते.

दुसरी कमाई बोलण्याची. “एक शेड उजळ द्या” ही मागणी महाराष्ट्रातल्या कोणत्याही काउंटरवर रोज ऐकू येते. सावळ्या त्वचेवर उजळ फाउंडेशन लावले तर चेहरा गोरा दिसत नाही, राखाडी दिसतो. फोटोत तर चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या रंगाचे असे होते. हे समोरच्या मुलीला न दुखावता सांगणे, तिच्या आईला आणि मावशीलाही पटवणे ही मोठी कसोटी आहे. जिने काउंटरवर विक्रीवर पाणी सोडून हे खरे सांगायची सवय लावून घेतली असेल, ती लग्नघरातही टिकते. ज्या व्यक्तीला स्वतःचाच रंग उणा वाटत आला आहे तिला त्याच रंगात देखणे करून दाखवणे, हे या व्यवसायातले सर्वांत मोलाचे काम आहे.

आता उरलेले अर्धे. काउंटरवर चेहरा हा उत्पादन दाखवण्याचे साधन असतो, रंगभूषेत उत्पादन हे चेहऱ्याचे साधन असते. दिशा अशी उलटल्यामुळे कामाची पद्धतच बदलते. काउंटरवरचा मेकओव्हर दहा-वीस मिनिटांचा असतो आणि बहुतेक वेळा एकाच गोष्टीभोवती फिरतो, नवी काजळाची स्टिक किंवा नवी लिपस्टिक. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडले की तो मेकअप दोन तासांनी कसा दिसला, याचा पत्ता विक्रेतीला लागत नाही. नवरीचा मेकअप मात्र आठ-दहा तास टिकावा लागतो, आणि तो टिकला की नाही हे सगळ्या मांडवाला दिसते. शिवाय कंपनीचे प्रशिक्षण त्या कंपनीच्या मालापुरते असते. एका ब्रँडच्या बारा छटा तोंडपाठ असलेल्या विक्रेतीला समोरच्या चेहऱ्याची छटा त्या बारांत नसेल तर दोन छटा मिसळून ती बनवायची असते, हे सुचतच नाही, कारण काउंटरवर मिसळलेली छटा विकता येत नाही. केशरचना, साडी नेसवणे, दागिने बसवणे यांचा तर तिथे संबंधच नसतो.

रंगशास्त्राची उजळणी म्हणूनच पहिल्यापासून करावी लागते. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात, हे त्याचे मूळ सूत्र. डोळ्यांखालची निळसर-जांभळट काळी वर्तुळे झाकायला नुसते कन्सीलर थापले तर तिथे राखाडी डाग दिसतो. आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा पातळ थर दिला की निळेपणा मरतो, मग कन्सीलर कमी लागते. त्वचा जितकी गडद तितका नारिंगी रंगही गडद घ्यावा लागतो. मुरमांच्या लालीवर हिरवा चालतो. पण गडद त्वचेवर हिरवा उठून दिसतो, म्हणून तो अगदी जपून वापरावा.

रंगाइतकाच उजेडाचा अभ्यास. मॉलमधला पांढरा उजेड वरून पडतो आणि सगळीकडे सारखा असतो. लग्नाच्या हॉलमध्ये पिवळे दिवे, व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा आणि फोटोग्राफरचा फ्लॅश एकत्र येतात. झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईड असलेली सनस्क्रीनयुक्त फाउंडेशने आणि सिलिकाची पांढरी पावडर ही साध्या डोळ्यांना छान दिसतात, पण फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पांढरे चट्टे उमटतात. म्हणून ट्रायलच्या, म्हणजे लग्नाआधीच्या चाचणी मेकअपच्या दिवशी मोबाइलचा फ्लॅश लावून अंधाऱ्या खोलीत एक फोटो काढून पाहावा. दोन मिनिटांची ही तपासणी अल्बमभर पुरणारी नामुष्की वाचवते.

शिक्षण कुठे घ्यावे, याचे उत्तर सोपे नाही. भारतात मेकअप आर्टिस्टला डॉक्टर-वकिलांसारखी सनद लागत नाही. त्यामुळे आठवड्याच्या कार्यशाळेपासून वर्षभराच्या अभ्यासक्रमापर्यंत सगळेच बाजारात आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो त्वचा, केस आणि पार्लरची सर्व कामे शिकवतो, मेकअप हा त्यातला एक भाग. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रेही आहेत. खासगी अकादम्यांची फी मोठी असते, आणि तिथे नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारावा : विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती चेहरे करतात? शिक्षिका करते आणि वर्ग मोबाइलवर चित्रीकरण करतो, अशा वर्गात पैसे घालू नयेत. पन्नाशीच्या बाईची सैल पडलेली पापणी, मुरमांची त्वचा, चष्म्याचा नंबर जास्त असलेले डोळे, पुरुषाच्या दाढीचा निळसरपणा, असे चेहरे जिथे करायला मिळतात तो वर्ग चांगला. काउंटरवरून आलेल्या विद्यार्थिनीने प्रसाधनांची ओळख पुन्हा विकत घेऊ नये. तिला लागतो तो पूर्ण चेहरा, डोळे आणि केस यांचा सराव.

सामानाच्या पेटीच्या बाबतीत विक्रीतून आलेल्यांची एक हमखास चूक होते. कर्मचारी सवलतीत मिळते म्हणून त्या आपल्याच ब्रँडचे सगळे काही घेतात. व्यावसायिक पेटी वेगळी असते. तिच्यात फाउंडेशनच्या मोजक्या पण टोकाच्या छटा असतात, अगदी उजळ, अगदी गडद, एक पिवळी, एक लालसर, आणि त्यांच्या मिश्रणातून मधल्या सगळ्या निघतात. दहा लिपस्टिक एका पॅलेटमध्ये वितळवून बसवलेल्या असतात. खर्च करायचा तो ब्रशवर, उजेडाच्या आरशावर आणि मजबूत ट्रॉलीवर. आयशॅडोचा ब्रँड कोणता हे नवरीलाही आठवत नाही. पेटीत घालायचा माल मात्र पावतीसह घ्यावा. भारतात प्रसाधने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांखाली येतात. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असते, आयात मालावर नोंदणी क्रमांक असतो. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या नामांकित ब्रँडच्या नकला यातले काहीच धड दाखवू शकत नाहीत.

स्वच्छतेच्या बाबतीत तर काउंटरच्या सवयी मोडाव्याच लागतात. टेस्टरच्या लिपस्टिकला दिवसभरात किती हात लागतात हे बीएला चांगले ठाऊक असते. व्यावसायिक कामात लिपस्टिक, क्रीम, जेल लायनर हे सारे छोट्या पळीने स्टीलच्या पाटीवर काढून घ्यायचे आणि तिथूनच वापरायचे. मस्काऱ्याची मूळ कांडी कोणाच्याही पापणीला लावायची नाही, एकदा वापरून टाकायची कांडी घ्यायची आणि ती बाटलीत दुसऱ्यांदा बुडवायची नाही. दाबून बसवलेल्या पावडरींवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून वाळू द्यायचे. ब्रश प्रत्येक चेहऱ्यानंतर पुसायचे आणि रोज रात्री धुवायचे. डोळे आलेले असतील, ओठावर नागीण उठली असेल, तर त्या भागाला हात लावायचा नाही, मग मुहूर्त कितीही जवळ असो. पापण्यांच्या गोंदात लॅटेक्स असू शकते आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. म्हणून ट्रायलच्या वेळी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंब लावून एक-दोन दिवस वाट पाहायची.

महाराष्ट्रात या व्यवसायाचा मोठा भाग लग्नांचा आहे, आणि मराठी लग्नाच्या स्वतःच्या अडचणी आहेत. त्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात सापडत नाहीत. पहिली हळद. आदल्या दिवशी लागलेली हळद धुतली तरी चेहऱ्यावर, कानांमागे आणि केसांच्या रेषेत पिवळेपणा राहतो. ट्रायलला जुळलेली छटा त्यामुळे लग्नाच्या सकाळी जुळत नाही. हळद उतरवायला साबणाने घासू नये, त्वचा लाल होते. तेलकट क्लेन्झर किंवा साधे खोबरेल हलक्या हाताने लावून पुसले की बराचसा रंग निघतो. राहिलेल्यासाठी गुलाबीसर झाकेची छटा हाताशी ठेवावी. दुसरी अडचण मुंडावळ्यांची. त्या कपाळावर तासन्‌तास घासत राहतात, म्हणून कपाळावर थर पातळ ठेवून पावडरने नीट बसवावा लागतो. चंद्रकोर टिकली किंवा कुंकू लावायची जागा आधी कोरडी ठेवली नाही तर कोर घसरते. नथ दाबाची असेल तर नाकाच्या बाजूचे फाउंडेशन तिच्या दाबाने निघते, म्हणून ती सर्वांत शेवटी घालून पुन्हा हात फिरवायचा. मग होम. लाजाहोमाचा धूर डोळ्यांत गेला की पाणी येणारच, आणि पाठवणीला रडू येणारच. पाण्याने न पसरणारा मस्कारा आणि लायनर ही इथे चैन नाही, गरज आहे. अक्षता मात्र स्प्रे मारलेल्या केसांना चिकटतात. त्या रिसेप्शनच्या केशरचनेआधी एकेक वेचून काढायला दहा मिनिटे हिशेबात धरावीत.

या सगळ्याला वेळेची चौकट असते. मुहूर्त सकाळी नऊचा असेल तर नवरीला आठ वाजता तयार ठेवावे लागते. मेकअपला दीड ते दोन तास, खोपा किंवा अंबाड्याला पाऊण तास, नऊवारी नेसवायला अर्धा तास असे मागे मोजत गेले की काम पहाटे पावणेपाच ते सव्वापाचच्या दरम्यान सुरू होते. काउंटरवर उभे राहण्याची सवय इथे उपयोगी पडते. घाई करणाऱ्या नातेवाइकांशी शांतपणे बोलण्याची सवय त्याहून जास्त.

हे सारे पुस्तकातून येत नाही, दुसऱ्याच्या हाताखाली येते. अनुभवी कलाकाराकडे सहायक म्हणून जाणे, ब्रश धुणे, पिना देणे, नवरीच्या आईचा आणि करवलीचा मेकअप करणे, ही उमेदवारी दोन लग्नसराई तरी करावी. विक्रीत पाच वर्षे काढलेल्या व्यक्तीला हे कमीपणाचे वाटते. ते तसे नाही. रंगभूषेची परंपरा गुरूच्या हाताखालूनच चालत आली आहे. पंढरीदादा जुकर यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या हाताखाली हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीतले अनेक रंगभूषाकार तयार झाले. ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या २०११ च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे विक्रम गायकवाड यांचे नाव आज प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. सुबोध भावे यांच्या चेहऱ्यावर बालगंधर्व उभे करणे हे सुंदर दाखवण्याच्या पलीकडचे काम होते, आणि रंगभूषा या शब्दाचा पूर्ण अर्थ तिथे कळतो.

चित्रपट आणि मालिकांकडे वळायचे तर वाट निराळी आहे. तिथे सौंदर्याआधी सातत्य लागते. सोमवारी चित्रित झालेल्या प्रसंगाचा पुढचा भाग गुरुवारी झाला तर टिकलीची जागा आणि जखमेचा रंग तोच हवा, म्हणून प्रत्येक प्रसंगाचे फोटो आणि टिपणे ठेवावी लागतात. आजचे कॅमेरे त्वचेचा कणन्‌कण टिपतात, थर पातळच हवेत. या क्षेत्रात स्त्रियांना दार उघडले ते फार उशिरा. मुंबईतल्या चित्रपट रंगभूषाकारांच्या संघटनेने पुरुषांना मेकअप आणि स्त्रियांना फक्त केशरचना अशी वाटणी दशकानुदशके चालवली होती. मेकअपचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या चारू खुराना यांना त्यामुळे संघटनेचे सदस्यत्वाचे कार्ड नाकारले गेले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा व न्या. उदय लळीत यांच्या पीठाने ही अट घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अटही त्याच निकालात रद्द झाली. काउंटरवरून येणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी असते. त्यांना हा निकाल ठाऊक असायलाच हवा.

पैशांचे गणित विक्रीतल्या माणसाला जमते, पण पगाराची सवय त्याला फसवते. उदाहरणच घ्यायचे तर नवरीच्या मेकअपचे १५,००० रुपये ठरले असे समजू. सहायकाला २,०००, प्रवासाला १,५००, वापरलेली प्रसाधने आणि टाकाऊ साहित्य १,५००, फुले, पिना व केसांचे सामान १,००० वजा केले की ९,००० उरतात. ट्रायलचे तीन तास, लग्नाच्या दिवसाचे दहा आणि पेटी साफ करण्याचे दोन असे पंधरा तास धरले तर तासाला ६०० रुपये पडतात. आकडा वाईट नाही. मात्र तो रोज मिळत नाही. चातुर्मासात लग्ने विरळ होतात, काढीव मुहूर्तांवर थोडी कामे निघतात इतकेच. अधिक महिनाही कोरडा जातो, आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून म्हणजे ऐन लग्नसराईत पडतो. म्हणून पंचांग पाहूनच वर्षाचे अंदाजपत्रक करावे. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख धरू नये. किती लुक, किती वाजता, प्रवासखर्च कोणाचा, तारीख बदलली तर काय, हे साध्या मराठीत लिहून दोघांनी सही करावी. पेटीसाठी भांडवल हवे असेल तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. उद्यम नोंदणी मोफत होते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

नोकरी कधी सोडावी, हा शेवटचा आणि नाजूक प्रश्न. मॉलमधली साप्ताहिक सुट्टी बहुधा मधल्या वारी असते आणि लग्ने शनिवार-रविवारी जास्त, त्यामुळे दोन्ही एकत्र फार दिवस चालत नाही. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला बंदी आहे का, हे आधी वाचावे. अनेक बीए ब्रँडच्या नव्हे तर मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर असतात, तेव्हा अट कोणाची ते पाहावे. टेस्टर आणि सॅम्पल आपल्या पेटीत घालू नयेत, ती चोरीच आहे. काउंटरच्या नोंदवहीतले गिऱ्हाइकांचे फोन नंबरही आपले नसतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाने आपण होऊन विचारले तर गोष्ट वेगळी. वेळेचा विचार केला तर शिक्षण आणि सराव चातुर्मासात करावा, तेव्हा मोठ्या कलाकारांनाही शिकवायला सवड असते. दिवाळीत काउंटरवरची विक्री सर्वांत जास्त होते. तिच्यावरचा इन्सेन्टिव्ह पदरात पाडून मग नोटीस द्यावी, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या हंगामातली पुढची कामे मोकळेपणाने घेता येतात. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बँकेत नसतील आणि पुढच्या हंगामाच्या चार-पाच तारखा आगाऊ रकमेसह ठरलेल्या नसतील, तर राजीनामा एक वर्ष पुढे ढकलावा.